एक तृतीयांशाचा दावा

मुंबईच्या ऐन मध्यावर सुमारे सहाशे एकर जमीन जवळजवळ एकाच काळात मोकळी व्हावी, असा योग या शहराच्या आयुष्यात एकदाच आला. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला पहिल्या कापड गिरणीचा घाट घातला. पुढच्या काही दशकांत भायखळा, लालबाग, परळ, वरळी, नायगाव, शिवडी असा गिरण्यांचा सलग पट्टा, म्हणजेच गिरणगाव, उभा राहिला. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, आणि त्यानंतर गिरण्या एकामागून एक थंडावत गेल्या. जमिनीचा प्रश्न ऐरणीवर आला तेव्हाचा हिशेब असा होता: एकूण ५८ गिरण्या, त्यांतल्या २५ केंद्र सरकारच्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे, १ राज्याच्या महामंडळाकडे आणि उरलेल्या ३२ खासगी मालकांकडे.

या जमिनी विकास आराखड्यात उद्योगासाठी राखलेल्या होत्या. मालकाला वाटले म्हणून तिथे घरे किंवा दुकाने बांधता येत नव्हती. घरे, कार्यालये, दुकाने, उपाहारगृहे, चित्रपटगृहे एकाच आवारात आणणारी जी संमिश्र वापराची संकुले आज लोअर परळ आणि वरळीला दिसतात, ती उभी राहण्याआधी कायद्याने तसे करू देणे भाग होते. ते करू देणारा नियम १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत आला. त्याचा क्रमांक ५८. गिरणगावाचे पुढे काय झाले हे समजून घ्यायचे, तर चिमण्या आणि मनोऱ्यांची छायाचित्रे बाजूला ठेवून आधी हा नियम वाचावा लागतो.

नियमामागचा विचार सरळ होता. आजारी किंवा बंद गिरणीच्या मालकाला जमिनीचा वापर बदलू द्यायचा, पण त्या बदलातून जो प्रचंड नफा होणार त्यातला वाटा शहराला द्यायचा. वाटे ढोबळमानाने तीन: एक महापालिकेला बागा आणि मैदानांसाठी, एक म्हाडाला, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाला, सर्वसामान्यांच्या घरांसाठी आणि एक मालकाला. प्रत्यक्षात प्रमाण जमिनीच्या आकारानुसार बदलत होते. पाच हेक्टरपर्यंतच्या गिरणीत ३३ टक्के मोकळ्या जागेसाठी, २७ टक्के म्हाडाला आणि ४० टक्के मालकाला. पाच ते दहा हेक्टरमध्ये ३३, ३४ आणि ३३. दहा हेक्टरच्या पुढे ३३, ३७ आणि ३०. गिरणी जितकी मोठी, तितका मालकाचा वाटा कमी. मोकळ्या जागेचे ३३ टक्के मात्र कुठेच हलत नव्हते.

आता यातली कळीची शब्दरचना. वाटणी कशाची करायची, तर मोकळ्या जमिनीची ‘आणि’ अस्तित्वातील बांधकामे पाडल्यानंतर मोकळ्या होणाऱ्या जमिनीची. म्हणजे शेड पाडून नवा प्रकल्प आणायचा, तर सगळी जमीन हिशेबात धरायची. शेड न पाडता तिचा वापर बदलला, तर ती जागा वाटणीत येत नव्हती.

मालकांनी साहजिकच दुसरी वाट धरली. गिरणीच्या जुन्या भिंतींच्या आत कार्यालये, स्टुडिओ, दुकाने, खेळघरे सुरू झाली. वापर बदलला, भिंती तशाच राहिल्या आणि शहराच्या वाट्याला जमीन आली नाही. दहा वर्षांत या नियमाखाली फारच थोड्या गिरण्या पूर्ण वाटणीला तयार झाल्या. पुढे न्यायालयात राज्य सरकारने हीच गोष्ट आपल्या बाजूने वापरली: नियम कागदावर कितीही चांगला असो, त्याने जमीन दिली नाही. हा युक्तिवाद सहज उडवून लावण्यासारखा नव्हता, हे मान्य करायला हवे.

दरम्यान एक वेगळी शक्यताही सरकारच्या टेबलावर येऊन गेली. १९९६ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली एका अभ्यासगटाने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांसाठी एकत्रित आराखडा दिला. प्रत्येक गिरणीच्या आवारात कोपऱ्यात एक छोटी बाग आणि बाजूला एक म्हाडाची इमारत, असे तुकडे पाडण्याऐवजी सार्वजनिक वाटे एकत्र आणायचे, रस्ते आणि पायवाटा जोडायच्या, रेल्वे स्थानकांच्या आजूबाजूची गर्दी सामावेल अशी जागा ठेवायची, हा त्याचा गाभा. एकाच मालकाच्या पंचवीस गिरण्या असल्याने हे करणे शक्यही होते. तो आराखडा अमलात आला नाही. गिरणगावाच्या साऱ्या कहाणीत सर्वांत जास्त हळहळ वाटावी ती याच टप्प्यावर, कारण इथे कुणाची जमीन हिसकावण्याचा प्रश्न नव्हता, खटला नव्हता, फक्त सरकारनेच सरकारच्या जमिनीची मांडणी नीट करायची होती.

२० मार्च २००१ रोजी नियम ५८ बदलला. वाटणीचे तक्ते आणि टक्केवारी जवळपास तशीच राहिली, म्हणून वरवर पाहणाऱ्याला फार काही घडले असे वाटले नसते. पण ‘बांधकामे पाडल्यानंतर मोकळ्या होणाऱ्या जमिनी’ हा भाग गळाला. त्याजागी आता मोकळी जमीन आणि शिल्लक चटईक्षेत्र (वापरायचा राहिलेला बांधकामाचा हक्क) यांचीच वाटणी करायची होती. शेड पाडली तरी तिच्या जागेवरचा आणि तेवढ्या बांधकामाचा हक्क मालकाकडे राहणार होता. मार्च २००३ मध्ये सरकारने खुलासा करून हे आणखी पक्के केले: पाडकामानंतरची जमीन ‘मोकळी जमीन’ नव्हे.

याचा अर्थ आकड्यांत पाहू. समजा, एका गिरणीचे आवार चार हेक्टरचे, म्हणजे ४०,००० चौरस मीटर आहे. त्यातले ३०,००० शेडखाली, १०,००० मोकळे. जुन्या नियमाने सगळे पाडून नवे बांधायचे ठरवले, तर १३,२०० चौरस मीटर बागेला, १०,८०० म्हाडाला आणि १६,००० मालकाला. नव्या नियमाने वाटणी फक्त १०,००० ची: बागेला ३,३००, म्हाडाला २,७००, आणि मालकाकडे उरतात ३४,०००. चटईक्षेत्राच्या तपशिलाने हे आकडे गिरणीगणिक थोडे सरकतात, पण दिशा हीच. आणि कापड गिरण्यांची बांधणी बहुतेक वेळा पसरट असायची. विणकाम खाते, सूतखाते, गोदामे अशा शेडनी आवार भरलेले असे. मोकळी म्हणावी अशी जमीन मुळातच थोडी होती.

सरकारची बाजू अशी होती की मालकाला पुरेसा मोबदला मिळाला नाही तर तो पुढे येणार नाही, आणि तो पुढे आला नाही तर कामगारांची थकलेली देणी कुठून भागणार? विक्रीचा पैसा स्वतंत्र खात्यात ठेवून त्यातून आधी देणी द्यायची, अशी अटही नियमांच्या चौकटीत होती. हा प्रश्न खरा होता. वर्षानुवर्षे पगार आणि ग्रॅच्युइटी अडकलेल्या माणसाला जमीन लवकर विकली जाणे हवे होते. त्याच माणसाला दहा बाय बाराच्या खोलीतून बाहेर पडायचे तर म्हाडाचा वाटा मोठा असणे हवे होते. आणि त्याच्या मुलांना खेळायला मैदान हवे होते. एकाच कामगाराच्या घरात तिन्ही मागण्या एकमेकींसमोर उभ्या होत्या. मान्यताप्राप्त राष्ट्रीय मिल मजदूर संघाचा भर देण्यांवर राहिला. दत्ता इस्वलकर यांच्या नेतृत्वाखालील गिरणी कामगारांच्या संघर्ष समितीने घरांचा प्रश्न लावून धरला. बाहेरून पाहणाऱ्यांना यात कामगारांची फूट दिसली. तिच्या मुळाशी नियमाने लादलेली निवड होती.

अशा बदलाविरुद्ध दाद मागायची तर कुठे? इथे महाराष्ट्राच्या नगररचना कायद्याची रचना समजून घ्यावी लागते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४४ खाली विकासक परवानगीचा अर्ज करतो. कलम ४५ खाली नियोजन प्राधिकरण, मुंबईत बहुतांशी महापालिका, ती देते, अटींसह देते किंवा नाकारते. साठ दिवसांत काहीच कळवले नाही, तर नियमांत बसणाऱ्या अर्जाला परवानगी मिळाली असे मानण्याची तरतूद आहे. परवानगी नाकारली किंवा अटी जाचक वाटल्या तर कलम ४७ नुसार चाळीस दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येते. पण हे अपील करण्याचा हक्क अर्जदाराला आहे. शेजारच्या चाळीतल्या रहिवाशाला, समोरच्या शाळेला, त्या रस्त्याने रोज स्टेशन गाठणाऱ्याला तो नाही. परवानगी दिली गेली म्हणून ज्याचे नुकसान होते, त्याच्यासाठी या कायद्यात अपिलाची पायरीच ठेवलेली नाही.

त्याला उरतो उच्च न्यायालयाचा दरवाजा, घटनेच्या अनुच्छेद २२६ खालची रिट याचिका. तो दरवाजा शेजाऱ्यांसाठीही उघडा आहे, हे १९७४ मध्ये उडुपीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठामपणे सांगितले. तिथे नगरपालिकेने मंगल कार्यालय आणि व्याख्यानगृह म्हणून मंजूर झालेल्या इमारतीचे चित्रपटगृह होऊ दिले होते, तेही नगररचना योजनेने निवासी ठरवलेल्या भागात. के. रामदास शेणॉय नावाच्या रहिवाशाने आव्हान दिले. योजनेचे पालन करणे हे नगरपालिकेचे कर्तव्य आहे आणि ते मोडले तर त्या भागातल्या रहिवाशाच्या हक्कालाच धक्का लागतो, असे न्यायालय म्हणाले. निवासी वस्तीत व्यापारी वापर घुसवण्याविरुद्ध भारतात जी लढाई लढली जाते, तिच्या मुळाशी हा निकाल आहे.

अपील आणि रिट यांत मोठा फरक आहे. अपिलात सरकार संपूर्ण निर्णय पुन्हा तपासू शकते: इमारत इथे हवी की नको, इतकी उंच हवी की नको. रिटमध्ये न्यायालय पाहते ते एवढेच की निर्णय कायद्यात बसतो का, अधिकार असलेल्यानेच घेतला का, प्रक्रिया पाळली का, मनमानी झाली का. निर्णय शहाणपणाचा आहे का, हा प्रश्न बहुधा दाराबाहेर राहतो. विकासकाला दोन्ही वाटा मोकळ्या, नागरिकाला एकच, आणि तीही अरुंद.

त्या वाटेने २००५ मध्ये बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अ‍ॅक्शन ग्रुप ही संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेली. श्याम चैनानी हे तिचे प्रमुख कार्यकर्ते. जनहित याचिकेत आव्हान होते ते एखाद्या इमारतीच्या परवानगीला नव्हे, तर ज्याच्या बळावर शेकडो परवानग्या मिळणार होत्या त्या बदललेल्या नियम ५८ लाच. मांडणी दोन अंगांनी होती. एक, नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली विकास आराखड्यात फेरबदल करता येतो, पण आराखड्याचे स्वरूपच पालटेल असा फेरबदल करता येत नाही. शहराच्या वाट्याची जमीन इतकी घटवणे म्हणजे स्वरूप पालटणे होय. दोन, मोकळी हवा आणि जागा हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि अनुच्छेद ४८-अ नुसार पर्यावरण राखणे हे राज्याचे कर्तव्य आहे.

याचिका चालू असतानाच बाजार तापला होता. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने आपल्या पाच गिरण्या लिलावात विकल्या. मुंबई टेक्स्टाइल मिल ७०२ कोटींना, एल्फिन्स्टन ४४१, कोहिनूर क्रमांक ३ ४२१, ज्युपिटर २७६ आणि अपोलो १८० कोटींना. पाचांचे मिळून २,०२० कोटी रुपये. उच्च न्यायालयाचे अंतरिम आदेशही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्यातच २६ जुलै २००५ आला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि पाणी मुरायला जागा नसलेले शहर म्हणजे काय, हे मुंबईने छातीएवढ्या पाण्यात उभे राहून अनुभवले. मोकळी जमीन हा शोभेचा विषय राहिला नाही.

१७ ऑक्टोबर २००५ रोजी मुख्य न्यायमूर्ती दलवीर भंडारी आणि न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने निकाल दिला. त्यांनी २००१ चा नियम मोडीत काढला नाही. ‘मोकळी जमीन’ या शब्दांत बांधकामे पाडल्यावर मोकळी होणारी जमीनही येते, असा त्याचा अर्थ लावला, आणि हा अर्थ घेतला तरच नियम घटनेच्या चौकटीत बसतो असे म्हटले. २००३ चा खुलासा टिकला नाही. महामंडळाच्या पाच गिरण्यांची विक्रीही न्यायालयाने बेकायदा ठरवली. निकालाची बांधणी विचारपूर्वक होती: सरकारचा नियम बनवण्याचा अधिकार शाबूत ठेवायचा, पण शहराचा वाटा परत जागेवर आणायचा.

तो वाटा पाच महिनेही टिकला नाही.

बॉम्बे डाइंग आणि इतर मालक, विकासक, महामंडळ असे सगळे सर्वोच्च न्यायालयात गेले. ७ मार्च २००६ रोजी उच्च न्यायालयाचा निकाल फिरला. न्या. एस. बी. सिन्हा यांनी लिहिलेल्या लांबलचक निकालपत्रातला कणा असा: १९९१ च्या नियमात जे शब्द होते ते २००१ मध्ये जाणूनबुजून काढले गेले, काढलेले शब्द अर्थ लावण्याच्या निमित्ताने न्यायालयाला परत घालता येणार नाहीत. नियमावली ही कायद्याने दिलेल्या अधिकारातून आलेली आहे, ती वैध आहे असे गृहीत धरूनच तिच्याकडे पाहावे लागते. फेरबदलाने आराखड्याचे स्वरूप बदलले, हे न्यायालयाला पटले नाही. पर्यावरण आणि विकास यांचा तोल राखताना आजारी उद्योगाचे पुनर्वसन आणि कामगारांची देणीही तराजूत घालावी लागतात, असेही त्यात आले. आणि आणखी एक मुद्दा, जो कायद्याच्या चर्चेत तळटीपेसारखा येतो पण प्रत्यक्षात फार वजनदार असतो: उशीर. नियम बदलला २००१ मध्ये, याचिका आली २००५ मध्ये. मधल्या काळात परवानग्या मिळाल्या, करार झाले, कर्जे उचलली गेली, पैसा ओतला गेला.

शब्दांच्या अर्थापुरते बोलायचे तर सर्वोच्च न्यायालयाची भूमिका समजण्यासारखी आहे. जो वाक्खंड नियम करणाऱ्याने काढला, तो अजूनही आहेच असे मानणे अवघड आहे. पण स्वरूप बदलले नाही, हा निष्कर्ष स्वीकारणे त्याहून अवघड जाते. वरच्या उदाहरणात बागेची जागा १३,२०० वरून ३,३०० वर येते, म्हणजे चौथ्या हिश्शावर. शहराच्या मध्यावर पुन्हा कधीच न मिळणारी सहाशे एकर जमीन आणि तिच्या वाटणीत इतका बदल, हा ‘फेरबदल’ असेल तर स्वरूप बदलणे कशाला म्हणायचे, याचे उत्तर त्या निकालपत्रात मिळत नाही.

उशिराचा मुद्दा इतर देशांनी वेगळ्या रीतीने हाताळला आहे. इंग्लंडमध्येही शेजाऱ्याला नियोजन परवानगीविरुद्ध अपील नाही, फक्त न्यायालयीन पुनर्विलोकन आहे. पण त्याची मुदत कडक सहा आठवड्यांची आहे, त्यामुळे प्रश्न पाया खणण्याआधीच न्यायालयात येतो. लंडनच्या आयल ऑफ डॉग्जवर एका जुन्या वृत्तपत्र छापखान्याच्या जागी दीड हजारांहून अधिक घरे, दुकाने आणि कार्यालये असा संमिश्र प्रकल्प यायचा होता. नियोजन निरीक्षकाची शिफारस नकाराची होती. तरी गृहनिर्माणमंत्री रॉबर्ट जेनरिक यांनी १४ जानेवारी २०२० रोजी मंजुरी दिली. दुसऱ्याच दिवसापासून लागू होणारे स्थानिक शुल्क टळल्यामुळे विकासकाचे कोट्यवधी पौंड वाचणार होते. टॉवर हॅम्लेट्सची स्थानिक परिषद आणि लंडनचे महापौर न्यायालयात गेले. मे महिन्यात मंत्र्यांनी आपला निर्णय पक्षपाताचा भास निर्माण करणारा आणि म्हणून बेकायदा असल्याचे मान्य केले आणि परवानगी रद्द झाली. चार महिन्यांत प्रकरण संपले, एक वीटही लागण्याआधी.

आयर्लंड आणखी पुढे गेला. तिथे कुणीही नागरिक वीस युरो भरून पाच आठवड्यांत बांधकाम अर्जावर म्हणणे मांडू शकतो, आणि ज्याने म्हणणे मांडले त्याला मंजुरीविरुद्ध स्वतंत्र आयोगाकडे चार आठवड्यांत अपील करता येते. या व्यवस्थेवरही टीका होते. घरे बांधायला उशीर होतो, हा तिच्यावरचा कायमचा आरोप. पण शेजाऱ्याचे म्हणणे वकिलाच्या फीवर अवलंबून राहत नाही.

मुंबईत २००६ नंतर बांधकामाला वेग आला. ज्युपिटर आणि एल्फिन्स्टनच्या जागी कार्यालयांचे काचेचे मनोरे आले, कोहिनूरच्या जागी दादरला कोहिनूर स्क्वेअर, श्रीनिवास मिलच्या जागी वर्ल्ड वन. मुंबई टेक्स्टाइल मिलची ७०२ कोटींना घेतलेली जमीन २०१२ मध्ये २,७२७ कोटींना पुन्हा विकली गेली. सर्वोच्च न्यायालयातल्या प्रकरणाला जिचे नाव आहे त्या बॉम्बे डाइंगने २०२३ मध्ये वरळीची सुमारे २२ एकर जमीन ५,२०० कोटींना एका जपानी समूहाच्या कंपनीला विकण्याचे जाहीर केले. अठरा वर्षांपूर्वी पाच गिरण्यांना मिळून जेवढे आले, त्याच्या अडीचपट एका जमिनीला.

संमिश्र वापरात स्वतःत काही वाईट नाही. घर, काम आणि बाजार जवळ असणे ही मुंबईची जुनी सवय आहे. गिरगाव आणि लालबाग त्यावरच वाढले. अडचण झाली ती प्रत्येक गिरणीचे आवार आपापल्या कुंपणात स्वतंत्रपणे विकसित झाल्याने. रस्ते गिरणीच्या काळचेच राहिले, रेल्वेचे पूलही. लाखो कार्यालयीन कर्मचारी त्याच जिन्यांवरून चढू-उतरू लागले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर पावसाच्या सरीत गर्दी कोंडली आणि चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. त्याच वर्षी २९ डिसेंबरला मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जण गेले. या दोन्ही घटनांची कारणे वेगवेगळी आणि त्यांची जबाबदारीही वेगवेगळी. पण स्थानकाभोवती गर्दीसाठी मोकळी जागा असावी, असे एका अभ्यासगटाने १९९६ मध्येच लिहून ठेवले होते, हे विसरता येत नाही.

कामगारांच्या घरांचे काय झाले? म्हाडाच्या वाट्याला जी जमीन आली तिच्यावर इमारती उभ्या राहिल्या आणि २८ जून २०१२ रोजी पहिली मोठी सोडत निघाली: ६,९२५ घरे. अर्ज करणारे कामगार आणि त्यांचे वारस मिळून जवळपास दीड लाख. १ मार्च २०२० रोजी बॉम्बे डाइंग आणि श्रीनिवास मिलच्या जागेवरच्या ३,८९४ घरांची सोडत झाली, घराची किंमत साडेनऊ लाख रुपये. २२५ चौरस फुटांचे का होईना, गिरणगावातच आपले घर मिळाले, याचे मोल ज्यांना चावी मिळाली त्यांनाच ठाऊक. बाकीच्यांची प्रतीक्षा सुरू राहिली. दत्ता इस्वलकर एप्रिल २०२१ मध्ये गेले, तेव्हाही बहुसंख्य अर्जदार घराविना होते. २००१ मध्ये कमी झालेल्या म्हाडाच्या वाट्याशी या रांगेचा सरळ संबंध आहे. जमीनच कमी आली, तर घरे कुठून येणार?

पाच महिन्यांच्या आत फिरलेल्या उच्च न्यायालयाच्या निकालावर सही करणारे न्या. चंद्रचूड पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३१ ऑगस्ट २०२१ रोजी त्यांच्या खंडपीठाने नोएडातल्या सुपरटेक कंपनीचे दोन मनोरे पाडण्याचा आदेश कायम केला. एमराल्ड कोर्ट या वसाहतीत रहिवाशांना दाखवलेला मूळ आराखडा बदलून तिथे एपेक्स आणि सियान हे चाळीस मजल्यांपर्यंत वाढवलेले मनोरे मंजूर झाले होते. दोन इमारतींत किमान १६ मीटर अंतर हवे असताना प्रत्यक्षात ९ मीटर होते, आणि आधीच्या सदनिकाधारकांची संमती घेतलेली नव्हती. रहिवाशांची संघटना २०१२ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयात गेली, २०१४ मध्ये जिंकली, सर्वोच्च न्यायालयातही जिंकली. २८ ऑगस्ट २०२२ रोजी सुमारे ३,७०० किलो स्फोटकांनी दोन्ही मनोरे काही सेकंदांत खाली आणले. रहिवाशांची वर्गणी, वकिलांचे उंबरठे आणि दहा वर्षे.

नोएडाचे रहिवासी जिंकले आणि मुंबईचे याचिकाकर्ते हरले, याचे कारण न्यायाधीशांच्या स्वभावात शोधण्याची गरज नाही. नोएडात नियम जागेवर होता, परवानगीने तो मोडला होता. मुंबईत परवानग्या नियमाप्रमाणेच होत्या, बदलला होता तो नियम. मोडलेला नियम न्यायालय पुन्हा उभा करू शकते. रीतसर बदललेल्या नियमापुढे त्याचे हात बांधलेले असतात. म्हणून महाराष्ट्रात कुठल्याही शहरातल्या रहिवाशासाठी खरी वेळ असते ती नियम बदलण्याच्या आधीची. कलम ३७ खाली विकास आराखड्यात फेरबदल करायचा असेल तर राजपत्रात सूचना प्रसिद्ध करावी लागते आणि कुणाही व्यक्तीला तिच्यावर हरकत किंवा सूचना देता येते. त्यासाठी फी नाही, वकील लागत नाही, त्या भागात राहत असल्याचा पुरावाही द्यावा लागत नाही. हरकत लेखी हवी आणि ती एका महिन्याच्या आत पोहोचायला हवी. पुण्यात, नागपुरात, ठाण्यात अशा सूचना निघत असतात. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, सर्व्हे क्रमांक आणि आरक्षणांच्या यादीत त्या छापलेल्या असतात, आणि त्यांच्याखाली हरकती स्वीकारण्याचा पत्ता आणि शेवटची तारीख दिलेली असते.